पावसात वाळणारं झाड

लग्न होऊन या घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाच्या पातेल्यावरचं झाकण काढलं, तर आत पाण्यात बुडालेल्या काळ्या बिया. मला वाटलं, या घरात चहाला हेच घालतात की काय! नवी नवरी, विचारणार कुणाला? मी आपली त्यात साखर घातली, चहापत्ती घातली आणि ठेवलं उकळायला. तेवढ्यात मागच्या दारातून माझ्या नणंदबाई आल्या, पातेल्यात डोकावल्या आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं, माझी बाभूळ शिजवलीस की!"

तो चहा आमच्या ह्यांनी मुकाट्याने प्यायला. कसा लागला ते आजतागायत सांगितलेलं नाही.

तर अशी माझी आणि वन्संची ओळख झाली. वन्सं म्हणजे ह्यांच्या मोठ्या बहीण. गल्लीत त्यांना लहानथोर सगळे काटेआत्या म्हणतात, कारण काटेरी झाडांची रोपं करून विकणं हा त्यांचा धंदा. शेताच्या कुंपणाला, रस्त्याच्या कडेला, जिथे दुसरं काही जगत नाही तिथे लावायला लोक त्यांच्याकडूनच रोपं नेतात. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "केलं होतं. ते जगलं नाही. बाभळी जगल्या." आणि लगेच दुसरं रोप हातात घ्यायच्या. पुढे विचारायची कुणाची छाती नव्हती.

घर आमचं लांबोडकं. रस्त्याकडे एक खोली, तिला लागून सायकलवाल्याला भाड्यानं दिलेलं दुरुस्तीचं दुकान, मग वन्संची खोली, मग स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की वन्संचं राज्य. पत्र्याचा मांडव, त्याखाली रोपांच्या रांगा, कोपऱ्यात वाळूचा ढीग, पाण्याचं पिंप, आणि पलीकडे मोकळं रान थेट कोरड्या ओढ्यापर्यंत. आमच्याकडे पाऊस येतो तेव्हा धो धो येतो, सगळं हिरवंगार करून टाकतो, आणि मग उरलेलं वर्ष तोंड दाखवत नाही. उन्हाळ्यात तर नुसती धूळ. चादर झटकावी तर झटकता झटकता परत भरते.

मला काटेरी झाडं सगळी एकच. टोचतं ना, मग बाभूळ! वन्संना हे ऐकवेना. एका दुपारी त्यांनी मला मागच्या पायरीवर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि हातात एकेक डहाळी देत गेल्या.

"काटा बघ. सरळ, लांब, जोडीनं आहे? बाभूळ. आखूड आणि मांजरीच्या नखासारखा वाकडा? खैर. आता शेंग घे. दर बीनंतर कंबर आवळल्यासारखी लागते? बाभूळ. सरळसोट, फुगीर? ती वेडी बाभूळ. ती बाभूळ नव्हेच, नुसता तोंडावळा सारखा. एकदा शिरली की अख्खं रान खाते."

"वन्सं, माझ्या बोटांची चाळण झाली हो!"

"होऊ दे. लक्षात राहील."

राहिलं, मेलं! अजूनही झोपेतून उठवून विचारा.

रोपं करायची त्यांची पद्धतही मी बघून बघूनच शिकले. या झाडांचं बी इतकं टणक, की नुसतं पेरलं तर वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. पाणी उकळायचं, विस्तवावरून खाली उतरवायचं, मग बी टाकायचं आणि सकाळपर्यंत तसंच ठेवायचं. फुगलं ते पेरायचं. फुगलं नाही त्याला नेलकटरनं कडेला बारीकशी चीर द्यायची, पण कोंबाच्या टोकाला धक्का लावायचा नाही. आणि पिशवी हवी लांब. वरचं रोप बोटभर असतं तेव्हा खालचं मूळ हातभर गेलेलं असतं. पिशवी आखूड असली की मूळ तळाला आपटतं, गुंडाळतं, आणि पुढे जमिनीत लावलं तरी जन्मभर गोल गोल फिरत बसतं. म्हणून वन्सं जुन्या पँटींचे पाय कापून, खालून शिवून त्यात रोपं लावायच्या. आमचे हे बसच्या वर्कशॉपमध्ये फिटर. त्यांच्या पँटी ग्रीसनं माखून लवकर बाद व्हायच्या, आणि काही तर बाद व्हायच्या आधीच गायब व्हायच्या. सकाळी कामावर निघायच्या वेळी हे टॉवेल गुंडाळून "माझी पँट कुठाय?" म्हणून ओरडायचे, आणि मी मागच्या दाराकडे बोट दाखवायचे. तिथे रांगेत ह्यांचे दोन्ही पाय उभे असायचे, वर हिरवा तुरा घेऊन.

पण ही झाली पोटापाण्याची झाडं. वन्संचा खरा जीव होता तो उफराटीत.

उफराटी म्हणजे गावाबाहेरच्या टेकाडावरचं एकच एक झाड. बाभळीच्या गोतातलंच. पण डहाळ्या राखाडी पांढऱ्या, पानावर निळसर झाक, फुलं पिवळ्या गोंड्यांची नव्हेत तर दुधी रंगाच्या लांबट तुऱ्यांची, आणि शेंग नारिंगी, सुकलेल्या संत्र्याच्या सालीसारखी पिळलेली. पावसाळ्यात मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते मेलेलं वाटलं. चहूकडे गुडघाभर हिरवं, आणि मधोमध हा नुसता सांगाडा, अंगावर पान म्हणून नाही. मी वन्संना म्हटलं, "एवढं मोठं झाड वाळलं हो, तोडत का नाहीत?" त्या हसल्या. म्हणाल्या, "उन्हाळ्यात ये."

उन्हाळ्यात गेले. काय सांगू तुम्हाला! रस्त्यावर पाय भाजत होते. रानात हिरवं म्हणून काडी नव्हती, बाभळींनीही मान टाकली होती. आणि टेकाडावर ते झाड पानांनी गच्च भरलेलं. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले, डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. खाली सावलीत शेळ्या, माणसं, दोन हातगाड्या, पंक्चर झालेली एक रिक्षा, सगळी दुनिया गोळा झालेली. मी आत शिरले आणि सावली अंगावर पडली तशी अक्षरशः थरथरले. घरदार सोडून इथेच राहावं असं वाटलं. असं झाड असतं? सगळे हसतात तेव्हा रडायचं आणि सगळे रडतात तेव्हा हसायचं, ही कुठली रीत?

"आमचा धाकटा इथेच झाला," वन्संनी सांगितलं. भर उन्हाळ्यात त्यांच्या आईला कळा सुरू झाल्या, गाडीतून दवाखान्यात नेत होते, आणि वाटेतच वेळ येऊन ठेपली. मैलोगणती सावली एवढी एकच. वन्सं तेव्हा परकरातली पोर. आईच्या डोक्याखाली मांडी देऊन बसल्या होत्या आणि वर बघत होत्या, कारण खाली बघायची हिंमत नव्हती. "वर नुसती पानं गं. एवढ्या उन्हात एवढी पानं! मला वाटलं, हे झाड आमच्यासाठीच फुटलंय. धाकटा रडला आणि मी पण रडले." हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. मी मात्र घरी येऊन ह्यांना म्हटलं, "उफराटीखाली जन्मलात होय! तरीच म्हटलं, मी जे सांगते त्याच्या नेमकं उलट कसं करता."

हे झाड असं का वागतं, ते मला विहीरवाल्यानं दाखवलं. टेकाडाखाली एक जुनी विहीर होती, तिचा गाळ उपसायचं काम चाललं होतं. वन्सं मला घेऊन गेल्या. विहीरवाल्यानं एक आरसा घेतला, दुपारचं ऊन त्यावर धरलं आणि कवडसा आत सोडला. तो उजेड भिंतीवरून खाली खाली उतरत गेला. दगड, मग मुरूम, मग पिवळी माती, मग पुन्हा दगड. खाली, अजून खाली, जिथे पाहताना माझी मान दुखायला लागली तिथे, पाण्याच्या अगदी जवळ भिंतीतून एक मूळ बाहेर आलं होतं. मनगटाएवढं जाड, ओलं, चकाकणारं. "तिचंच आहे," विहीरवाला म्हणाला. "जवळपास दुसरं झाड आहे कुठे?" मी टेकाडाकडे पाहिलं, मग विहिरीत पाहिलं, मग पुन्हा टेकाडाकडे. एवढं अंतर! अंधारात, दगडातून वाट काढत, कुणी न सांगता ती पाण्यापर्यंत गेली होती. मला एकदम हात जोडावेसे वाटले, आणि मी जोडलेही. विहीरवाला हसला नाही. त्यानेही आरसा खाली ठेवला.

"तिला खालचं पाणी सापडलंय," वन्सं म्हणाल्या. "मग वरच्या पावसाचं तिला काय कौतुक? पावसात ती झोप काढते."

आणि असं झाड पडलं.

माझ्या लग्नाला पंचवीसेक वर्षं झाली असतील, उन्हाळा संपता संपता भर दुपारी वादळ आलं. आमच्या मांडवाचे पत्रे उडून सायकलवाल्याच्या छपरावर जाऊन बसले. वारा थांबला तसे हे वर्कशॉपमधून धावतच घरी आले आणि दारातूनच म्हणाले, "ताई, उफराटी गेली." वन्सं चप्पल न घालता निघाल्या. मी त्यांची चप्पल हातात घेऊन मागून पळतेय. झाड बुंध्यात मोडलं होतं. आत सगळं पोकळ, भुसा झालेलं. इतकी वर्षं नुसत्या सालीवर उभं होतं म्हणायचं. वन्सं त्याच्याभोवती फिरल्या, मग पडलेल्या फांदीवर बसल्या आणि लहान मुलासारख्या मोठमोठ्यानं रडल्या. मी त्यांना तसं रडताना कधी पाहिलं नव्हतं. मी खाली बसून त्यांच्या पायात चप्पल घातली.

ते झाड गेलं म्हणजे ती जातच गेली. आसपास कोसोन् कोस दुसरं नव्हतं, हे वन्संना पक्कं माहीत होतं. त्याचं रोप कधी केलं नव्हतं का? दोनदा प्रयत्न केला होता, फसला होता. शेंगा खाली पडल्या की शेळ्या फस्त करायच्या, आणि शेळ्यांनी सोडलेल्या किडे पोखरायचे; त्या वर्षीच्याही तशाच संपल्या होत्या. शिवाय घाई कुणाला होती? आजोबांच्या आजोबांनी पाहिलेलं झाड, ते उद्याही असणारच, असंच सगळे धरून चालले होते. वन्संनी घरी येऊन उफराटीच्या बियांचा डबा काढला, परातीत उपडा केला. एकूण एक बीला भोक. बोटानं दाबलं की टरफल मोडायचं आणि आत पीठ. बुंध्याला फूट येईल म्हणून वाट पाहिली, तेही नाही. काही दिवस त्या जेवायलाही नीट बसेनात.

मग एके सकाळी मी भाकरीचं पीठ चाळत होते. वन्संनी येऊन माझ्या हातातली चाळण काढून घेतली.

"अहो! काय करताय?"

"शेळीवाल्याकडे जायचंय. तूही चल."

शेळीवाले आजोबा टेकाडाच्या पायथ्याशी राहायचे. शेळ्या विकून टाकल्याला बरीच वर्षं झाली होती, पण घरामागे शेळ्या कोंडायची जागा तशीच होती. काट्यांचं कुंपण मोडलेलं, आत लेंड्यांची माती झालेली, वर गवत. वन्सं त्या मातीत फतकल मारून बसल्या. "यांच्या शेळ्या उन्हाळाभर उफराटीच्या शेंगा खायच्या," त्या म्हणाल्या. "आणि रात्री इथे बसायच्या. शेळीच्या पोटातून बी जसंच्या तसं बाहेर येतं. असेल इथेच कुठेतरी. टणक असतं ते."

आणि माझी पिठाची चाळण, माझ्या आईनं दिलेली, लेंड्यांच्या मातीत बुडाली! मी बोंब मारली. म्हटलं, "वन्सं, पुन्हा त्यात पीठ चाळलं तर मला माणूस म्हणू नका!" शेळीवाले आजोबा खाटेवर बसून हसत होते. पण खरं सांगू? पहिलं बी जाळीवर खडखडलं तेव्हा चाळणीची दुसरी कड मीच जाऊन धरली. आम्ही ऊन उतरेपर्यंत चाळत होतो. मूठभर बिया निघाल्या. पण सगळ्या इतकी वर्षं खतात पडून झिजलेल्या, काळ्याठिक्कर पडलेल्या. कुठली बाभूळ, कुठली वेडी, कुठली उफराटी, वन्संनाही सांगता येईना. त्यांनी सगळ्यांना गरम पाणी दाखवलं आणि सगळ्या पेरल्या.

उगवल्या! शेळीच्या पोटातून गेलेल्या, एवढी वर्षं मातीत निपचित पडलेल्या, आणि पाणी मिळताच दहाव्या दिवशी कान टवकारून उभ्या. मी रोज सकाळी तोंडही न धुता मागे जाऊन बघायचे. एवढ्याशा काळ्या खड्यात एवढा दम कुठून येतो, मला अजून उमगलेलं नाही.

आता निवडायचं. पानं मोजकी आणि लांबट, ती वेडी बाभूळ, उपटली. काटा वाकडा, तो खैर, बाजूला ठेवला. असं करत करत पँटीच्या पायांतली मोजकीच रोपं उरली. काटे सरळ, पानं बारीक. त्यांतली काही जरा निळसर दिसायची, पण सकाळी निळसर वाटलेली दुपारी हिरवी वाटायची.

"यांतली उफराटी कुठली?" मी विचारलं.

वन्सं एकेका रोपापुढे वाकून बघत गेल्या. मग म्हणाल्या, "मी तिला म्हातारपणीच पाहिलंय गं. तिचं बाळपण कुणी पाहिलंय?"

खूण एकच होती. पावसाळ्यात ज्याची पानं गळतील ते. पण तेही लगेच नाही. आधी मूळ खाली जाणार, पाणी शोधणार, पाण्याला पोचणार, मग कुठे झाड पावसाकडे पाठ फिरवणार. तोवर तेही चारचौघांसारखं हिरवंच. म्हणून वन्संनी ती सगळी रोपं ओढ्याच्या काठाला लावली, जिथे खालचं पाणी त्यातल्या त्यात जवळ. भोवती काटे रचले. आणि तिथून आमच्या घरात ती उफराटी वाट पाहणं सुरू झालं. साऱ्या जगाची रोपं पावसात वाढावीत म्हणून धडपड, आणि आम्ही पावसात एखादं वाळावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेलो.

दुसऱ्याच पावसाळ्यात एक वाळलं! सगळी पानं गळाली, नुसती काडी उरली. हे ओढ्यावरून ओरडत आले, "ताई, वाळलं गं, वाळलं!" वन्सं पदर खोचून धावल्या. मी सायकलवाल्याला सांगितलं, त्याच्या बायकोनं गल्लीभर केलं. मोठं पातेलं चढवलं आणि येईल त्याला चहा दिला. लोक काडीभोवती उभे राहून चहा पीत होते आणि वन्संचं अभिनंदन करत होते. सायकलवाल्यानं कौतुकानं काडीला बोट लावलं, तर ती अलगद आडवी झाली. खाली मूळच नव्हतं. वाळवीनं खाऊन टाकलेलं.

सायकलवाल्याला वाटलं त्यानंच मोडलं, तो बिचारा कपात तोंड घालून उभा. मेलेल्या रोपासाठी अख्ख्या गल्लीला चहा पाजणारं घर सगळ्या जगात आमचंच असेल. मी घरी येऊन पातेलं घासताना हसले, आणि हसता हसता मला रडू फुटलं.

त्याच्या पुढच्या वर्षी वन्सं मांडवात पाय घसरून पडल्या आणि कमरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्या काही धड उठल्या नाहीत. धरून बसवलं की बसायच्या, एवढंच. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून गल्ली दिसते, रान नाही. मग मी रोज ओढ्यावर जायचं आणि येऊन सांगायचं, असं ठरलं. एकाला पिवळे गोंडे आले. सुंदर दिसत होते, पण मी तोंड पाडूनच घरी आले. "पिवळे? गोल?" वन्संनी विचारलं. "पिवळे, गोल." "मग बाभूळ आहे. बरं, पुढचं सांग." दुसरं ओढ्याच्या लोंढ्यात गेलं. तिसऱ्याची साल कुणाच्या तरी बकऱ्यानं सोलली. करता करता दोनच उरली, शेजारी शेजारी, माझ्या डोक्याच्याही वर गेलेली, आणि तो पाऊसही हिरवेपणातच गेला. वन्सं खंगत चालल्या होत्या. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, त्यांना काय आवडतं ते करा. आता काय सांगू डॉक्टरांना, या बाईला एक वाळलेलं झाड हवंय म्हणून?

मग पुढचा पाऊस आला. चांगला दणदणीत. मी छत्री घेऊन ओढ्यावर गेले, आणि डावीकडच्या झाडाखाली पिवळी पानं पडलेली. दोन दिवसांनी अजून. आठवडाभरात झाड उघडं. शेजारचं हिरवंगार, आणि हे नुसता सांगाडा. मागच्या खेपेची काडी डोळ्यांपुढे आली. पुन्हा वाळवी असेल तर? वन्सं हे सोसणार नाहीत, मला ठाऊक होतं. मी खोडाला धरून हलवलं. हललं नाही. दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून हलवलं. विहिरीच्या दगडासारखं घट्ट. छत्री कुठे पडली तेही कळलं नाही.

घरी आले तशी वन्संनी माझं तोंड पाहिलं आणि म्हणाल्या, "बोल."

"डावं उघडं पडलंय. हलत नाही."

"परत जा. नखानं साल खरवड."

मी भिजत परत गेले, खरवडलं, परत आले.

"ओलं आहे?"

"ओलं आहे."

"रंग?"

"हिरवा, वन्सं. पोपटी हिरवा!"

त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. बाहेर पाऊस कोसळत होता. मला तो आरशाचा कवडसा आठवला, खाली खाली उतरणारा. आमच्या ओढ्याकाठी, कुणालाही न दिसता, ते पोर पाण्यापर्यंत पोचलं होतं. मी तोंडाला पदर लावला. वन्सं मात्र म्हणाल्या, "अजून चहा करू नकोस."

पाऊस गेला. रान पिवळं पडलं, मग करडं पडलं. आणि त्या करड्यात, उघड्या राखाडी डहाळ्यांवर बारीक निळसर डोळे फुटले. मी रोज सांगत होते, आणि वन्सं रोज म्हणत होत्या, "थांब. उन्हाळा येऊ दे." त्यांनी औषधं वेळेवर घ्यायला सुरुवात केली. जेवण टाकेनात. मी काही बोलले नाही, नजर लागायची.

ऐन उन्हाळ्यात एका रविवारी ह्यांनी आणि सायकलवाल्यानं वन्संना लाकडी खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलली. स्वयंपाकघरातून, मागच्या दारातून, मांडवातल्या पँटींच्या रांगांमधून वरात निघाली, मागून मी आणि सायकलवाल्याची बायको. वन्सं वाटेत सुद्धा गप्प बसेनात. "धाकट्या, त्या रोपाला धक्का लागेल, बघून!" हे घामानं निथळत म्हणाले, "ताई, रोपाचं बघू की तुझं?" "रोपाचं," त्या म्हणाल्या.

ओढ्याकाठी उन्हानं डोळे दिपत होते. शेजारची बाभूळ मरगळलेली. आणि हे झाड, माझी चाळण बुडवून काढलेलं, शेळीच्या पोटातून आलेलं, पानांनी गच्च भरलेलं. वाऱ्यावर हलत होतं. खाली एका माणसापुरती सावली. खुर्ची टेकवली तशा वन्सं मान वर करून बघतच राहिल्या. ह्यांनी खुर्ची सावलीत सरकवायला हात लावला, तर त्यांनी हात झटकला.

"मला नको. तू बस."

"ताई, तुला ऊन लागतंय."

"बस म्हणते ना. तुझी जागा आहे ती."

रिटायरमेंटला आलेला, डोक्यावर एक केस नसलेला माझा नवरा बुंध्याशी मांडी घालून बसला आणि त्यानं वर पाहिलं. मी वन्संच्या डोक्यावर माझा पदर धरून उभी होते. मग वन्सं माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "ठेव आता चहाचं आधण. सगळ्या गल्लीला सांग. आणि आधी पातेल्यात बघ, माझ्या बिया असतील."

मी सायकलवाल्याच्या बायकोला वन्संवर तिचा पदर धरायला सांगितलं, घरी आले आणि मोठं पातेलं चढवलं. गल्ली आली, कप भरले, रिकामे झाले, लोक उन्हात उभं राहून झाडाकडे बघत राहिले. आमचे हे तिथेच होते. सावली सरकत गेली तसे तेही सरकत गेले, पण उठले नाहीत.